दुसऱ्यांचे नवस चालणाऱ्या आत्या

चैत्र शुद्ध त्रयोदशी. दिंडोरीतल्या शाळेच्या व्हरांड्यात मी दशम्या फडक्यात बांधत होते आणि माझ्या नवऱ्याच्या आत्या अंगणात उभ्या राहून सप्तशृंगीला कुणाच्यातरी पित्ताशयाची माहिती देत होत्या. स्वतःसाठी काही न मागता देवीला इतका त्रास देणारी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी नसेल.

आत्या मूळच्या देवळ्याच्या, आता पंचवटीत राहतात. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना रजा नाही, ज्यांना मुळात चालायचाच कंटाळा आहे, अशा सगळ्यांचे नवस त्या दर चैत्रात नाशिकहून गडापर्यंत स्वतः चालतात. एक टप्पा एका माणसाचा. दिंडोरीहून अवनखेडपर्यंत शेजारच्या काकूंचं पित्ताशय, तिथून लखमापूर फाट्यापर्यंत दूधवाल्याच्या मुलीचं लग्न. ज्याचा टप्पा चालू, त्याच्याबद्दलच बोलायचं. मागच्या वर्षी असल्याच एका लग्नाच्या टप्प्यात कोणीतरी कांद्याचा भाव काढला, तर आत्यांनी बरोबर चालणाऱ्या सगळ्या जथ्याला मागच्या गावापर्यंत परत नेलं. "मधी कांदा आला. आता पोरीला लासलगावचा व्यापारी मिळंल."

"मग वाईट काय, मावशी?" जथ्यातल्या एकानं विचारलं.

"तिला पोस्टातला पाहिजे."

प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला डोंगराकडे तोंड करून त्या माणसाचं पूर्ण नाव, गल्ली, इमारत, मजला आणि दुखणं खणखणीत आवाजात सांगतात. "नुसतं पाटील म्हणलं, तर आईनं कोणता पाटील धरायचा?" साहजिकच देवीच्या आधी ते सगळ्या जथ्याला कळतं. एका सभ्य गृहस्थांची मूळव्याध अशीच वणीच्या बाजारापर्यंत गाजली होती.

म्हणून मी गप्प होते. दरवर्षी आत्यांबरोबर माझा नवरा चालतो. यंदा त्याच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचा होता. "आत्याला कळू देऊ नकोस, गावभर होईल," असं त्यानं बजावलं होतं. मग त्याच्या ऑफिसात ऑडिट आहे असं सांगून त्याच्या जागी मी आले. ऊन तापलं होतं, ट्रक अंगावरून जात होते आणि मी दर झाडाखाली फोन काढून बघत होते. रिपोर्ट आज येणार नाही हे माहीत असूनही.

"ऑडिट म्हंजे काय गं सूनबाई, माणूस कोंडून घालतात का?"

"कामं असतात, आत्या."

"मागल्या साली पण होतं. तवा आला की तो."

"यंदा जरा मोठं आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडली.

वणीत माझ्या टाचेचा फोड फुटला. आत्यांनी पाय हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "बस टेम्पोत. मला लंगडी सोबत नको." जथ्याच्या पुढे हळूहळू चालणाऱ्या सामानाच्या टेम्पोत गोण्यांवर बसून मी मागे बघत होते. पुढचा टप्पा नांदुरीपर्यंतचा, डोंगराच्या पायथ्याचा. आत्या डोंगराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नेहमीपेक्षा बराच वेळ उभ्या होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. जथ्यातले लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"मावशी, आता कोणाचं?"

"माझंच. गुडघं दुखत्यात."

त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत. त्या संपूर्ण टप्प्यात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत म्हणून बाकीचेही बोलले नाहीत. एवढा शांत जथा त्या रस्त्यानं क्वचितच पाहिला असेल.

संध्याकाळी नांदुरीत त्यांनी माझ्या टाचेला तेल-हळद लावली. मान वर न करता म्हणाल्या, "त्याला सांग, पुढल्या चैत्राची रजा आत्ताच टाकून ठेव म्हणावं."

"सांगते," मी म्हटलं. पदराला हात पुसून त्या अंथरुणाकडे गेल्या.

सकाळी सगळे घाट चढायला निघाले. रिपोर्ट दुपारपर्यंत यायचा होता. माझा नवसांवर विश्वास नाही. पण त्याचा टप्पा मी गोण्यांवर बसून काढला, हे काही मनाला पटेना. टाचेला पट्टी लावली, आत्यांना "तुम्ही व्हा पुढे, मी येते" म्हटलं, परत वणीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले, बाजाराशी उतरले आणि नांदुरीच्या रस्त्यानं चालायला लागले.