लच्छूभाऊंची गुणवाटणी

भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत लच्छूभाऊ खोब्रागडे ग्रंथालयाचे कारकून होते. पगार बेताचा, अंगकाठी त्याहून बेताची, पण न्यायाची गोष्ट निघाली की माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नसे. वर्तमानपत्र एक आणि वाचणारे पंधरा, म्हणून त्यांनी पानं सुटी करून प्रत्येक पानाला दहा मिनिटं ठरवून दिली होती. एकदा मोठे साहेब पान धरून बसले, तर त्यांनाही घड्याळ दाखवलं. साहेब हसले म्हणून निभावलं. भाऊंचे वडील मूल गावाकडे दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबलेले. घाम एकाचा अन् नाव दुसऱ्याचं, हे लहानपणी फार पाहिलं, असं ते मला एकदाच बोलले.

१९८६ साली बदली झालेल्या एका अधिकाऱ्याच्या रद्दीत त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. ते एका खेळाचं होतं. त्यात ना पट, ना सोंगट्या. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. "समोर गुहा आहे, काय करता?" असं त्यानं विचारलं की आपण सांगायचं, जमलं की फसलं हे फाशावर ठरायचं. वीस बाजूंचा फासा भद्रावतीत कुठून आणणार? भाऊंनी वीस चिंचोक्यांवर आकडे घातले आणि ते पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकले. मग शब्दकोश मांडीवर घेऊन अख्खा हिवाळा ते पुस्तक मराठीत उतरवत बसले.

रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही खेळू लागलो. गोष्ट भाऊ सांगत. मी लेथवरचा टर्नर, म्हणून खेळात तलवारबाज झालो. कॅन्टीनमधला झिंगू चोर झाला, कारण चोराला धावावं लागत नाही असा त्याचा समज होता. दवाखान्यातली नर्स सुकरी आत्राम, धानोऱ्याकडची, ती खेळातही वैदूच झाली. मी हसलो तर म्हणाली, "जे येते तेच करीन ना जी."

दर खेळाच्या शेवटी गोष्ट सांगणाऱ्यानं प्रत्येकाला अनुभवाचे गुण द्यायचे. पुरेसे गुण जमले की माणूस एक पायरी वर चढतो आणि बळकट होतो. पण कुणाला किती द्यायचे, हे पुस्तकानं सांगणाऱ्यावरच सोडलं होतं. भाऊंनी आम्हाला विचारलं आणि मी शहाण्यासारखा आमच्या मशीन शॉपचा नियम सांगितला. "ज्याच्या मशीनवरून नग उतरला त्याच्या नावावर. राक्षस ज्याच्या घावानं पडला, गुण त्याचे." सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी, यात चुकीचं काय?

अकरा महिन्यांत मी सातव्या पायरीवर गेलो. झिंगू चौथीवर रेंगाळला. सुकरी दुसरीवरच होती, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग नदीकाठचा राक्षस आला. मी तलवार काढली, तर सुकरी म्हणाली, थांबा. तिनं त्याला विचारलं, रस्ता काऊन अडवून राह्यला? भाऊ राक्षसाच्या आवाजात म्हणाले, पायात बाण मोडलाय, चालवत नाही. सुकरीनं बाण काढला, पाला बांधला. राक्षस म्हणाला, जा, तुम्हाला वाट मोकळी. तो पाठमोरा झाला आणि मी वार केला. चिंचोका निघाला एकोणिसाचा. तीनशे गुण! सुकरीला शून्य.

त्याच दिवशी भाऊंनी सांगितलं, पुढे शेवटचा किल्ला आहे आणि चौथ्या पायरीखालच्याला त्यात प्रवेश नाही.

"मंग मी पुढच्या रविवारी काऊन येऊ?" सुकरी म्हणाली. "दारात बसाले?"

ती उठली, चपला घातल्या आणि भाऊंकडे वळली. "आमच्या गावात उन्हाळ्यात सारे मिळून बोडीतले मासे धरतात. जाळं धरते त्याले हिस्सा, पाणी ढवळते त्याले हिस्सा, काठावर लेकरं सांभाळते तिलेही. मासा जाळ्यात सापडला म्हणून जाळंवाल्याचा नाई होत, भाऊ."

त्या आठवड्यात भाऊ तिला बोलवायला स्वतः दवाखान्यात गेले. "खेळू नका पाहिजे तर, पण या," म्हणाले. रविवारी ती आली आणि भिंतीला टेकून बसली.

भाऊ उभे राहिले. प्रत्येक खेळ त्यांनी वहीत टिपून ठेवला होता. "सुकरीबाई, चूक माझी आहे," ते म्हणाले आणि वाचू लागले. विषारी पाणी ओळखलं. रानातल्या म्हातारीकडून वाट विचारून घेतली. झिंगूचा ताप उतरवला. तलवारबाजाला मरता मरता वाचवलं: गुहेत, पुलावर, दलदलीत... असं सात वेळा.

सात वेळा! मला एकही आठवत नव्हती.

खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी मला रागच आला. "मंग माझे गुण काढून घेता का आता?"

"नाई," भाऊ म्हणाले. "नियम आपण साऱ्यायनं मानला होता. दिलेलं परत घेतलं तर तोही अन्यायच. पण हिचे द्याचे राहिले, ते द्याले लागतीन." आणि त्यांनी सुकरीला पाचव्या पायरीवर नेऊन बसवलं. ती पुढे सरकून आपल्या जागेवर आली. डोळे पुसले तिनं, आणि भाऊंनी चष्मा.

किल्ल्याच्या दाराशी आलो तेव्हा भाऊ म्हणाले, रान दाट आहे, घोड्यांपाशी कुणीतरी थांबलं पाहिजे. झिंगूनं सवयीनं हात वर केला. मीच म्हणालो, "तू जा. मी थांबतो." सातव्या पायरीचा तलवारबाज घोडे राखणार! झिंगूला वाटलं मी थट्टा करतोय.

आत ते दोघं तीन रविवार लढले. मी तिन्ही रविवार गेलो. अधूनमधून भाऊ माझ्याकडे वळून विचारत, "घोडे कसे आहेत?" मी म्हणे, "पाणी पाजलं." एकदा लांडगे आले, तेव्हा आग पेटवून बसलो. एकही मारला नाही.

शेवटच्या रविवारी गुण वाटले. सुकरीला सहाशे, झिंगूला पाचशे. मग भाऊंनी वहीत माझं नाव शोधलं, पेन्सिल ओठाला लावून बराच वेळ विचार केला आणि लिहिलं: घोडे राखले, चाळीस.

मी म्हणालो, "बरोबर आहे, भाऊ."