खळ लावलेला एप्रन

तीन आठवड्यांपूर्वी कामतघरहून फोन आला. "मॅडम, सुलूताई गेल्या," एवढंच तिची विद्यार्थिनी बोलू शकली. दोन दिवसांच्या तापाने सुलू गेली... आणि मी, तिची मैत्रीण, डॉक्टर असून मला ते फोनवर कळलं, याचा राग अजून जात नाही. पण सुलूबद्दल रडत लिहिणं मला जमायचं नाही. ती खोलीत आली की झोपलेला माणूसही उठून बसायचा!

२००१ साली मेडिकलच्या होस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत आलो. अंजूर गावातून मेडिकलला गेलेली ती पहिली मुलगी. तिचे बाबा कामतघरच्या सायझिंग कारखान्यात विणण्याआधी सुताला खळ चढवायचे. लेकीचा पांढरा एप्रनही त्यांनी हौसेने त्याच खळीत बुडवून दिला होता. खुर्चीवर ठेवला की तो आपला आपण ताठ बसायचा! आम्ही हसून लोळलो, सुलू सगळ्यांत जास्त.

वर्षभरात कळलं, ही तर हाडाची मास्तरीण. मेसच्या फरशीवर खडूने हृदय काढून ती रक्ताची वाट अशी सांगायची, की पोळी हातातच राहायची. मी ॲनाटॉमीत पास झाले ती तिच्यामुळे. ती स्वतः उत्तम मार्कांनी पास झाली आणि दुसऱ्या वर्षी म्हणाली, मी सोडतेय. मी तिला वेड्यात काढलं. मेडिकल सोडतात ते नापास होऊन, नाहीतर प्रेताला घाबरून, असंच आम्हाला ठाऊक. ऑफिसातल्या क्लार्कनेही कारणाच्या रकान्यात 'आजारपण' लिहायला सुचवलं. तिने लिहिलं, 'शिकवायचं आहे.'

बाबांना सांगायची मात्र हिंमत होईना. मला सोबत घेऊन ती अंजूरला गेली. बाबा ओटीवर ताज्या खळीच्या एप्रनची घडी घालत होते. तिने एका दमात सांगून टाकलं. त्यांनी घडी पुन्हा उलगडून एप्रन समोर धरला.

"आता यो कुठं घालशील?"

"वर्गात, बाबा. शिकवताना."

"मंग खळ कमी लावतो. फळ्यावर लिवाला हात वर जायला पायजे."

परतताना रिक्षात सुलू हसतही होती आणि रडतही.

कामतघरच्या चाळीत तिने क्लास काढला. शेजारच्या लूमचा खडखडाट आणि त्याच्या वर तिचा आवाज! तिथल्या दोन मुली आज मेडिकलला आहेत.

परवा मी क्लासवर गेले, तर फोन करणारी तीच मुलगी वर्ग घेत होती. एप्रन खिळ्यावर होता. दहाव्यानंतर बाबांनी तो घरी नेऊन धुतला, खळ लावून परत आणून टांगला, असं ती म्हणाली. मी हात लावून पाहिला. सगळा कडक होता. उजवी बाही तेवढी मऊ.