रंगाखालचं मीठ

काशीमीऱ्याच्या जीवननं वीस वर्षं गाड्यांना स्पीकर बसवले. पत्रा आधी आतून चाचपायचा, मगच कापायचा, ही त्याची रीत. मुर्ध्याच्या बाळाकाकांचा जुना पिकअप आला आणि चकचकीत रंगाला भुलून त्यानं दरवाजाला थेट मशीन लावलं. खालचा निम्मा दरवाजा पापडासारखा तुटून पायाशी पडला, मागोमाग ओंजळभर मीठ. जीवननं मशीन बंद केलं.

“काका, उद्या याच गाडीतून तुमच्या लेकाची वरात...”

बाळाकाकांनी ते मीठ जिभेला लावलं. “आमच्याच मिठागराचं हाय. तीस वर्सं याच गाडीतनं वाहिलं. गंजावर रंग मीच थापला, तुझा दोस न्हाय.”

जीवननं स्पीकर सीटमागं फळीवर बसवले. दुसऱ्या दरवाजाला मात्र बोटसुद्धा लावलं नाही.