हबीबला समुद्र दाखवायला

मालवणहून होडीने बेटं बघायला जावं का, असं हल्ली बरेच जण विचारतात. जरूर जा. मी मात्र गेलो होतो साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात, आणि तेही माझ्या दोस्तासाठी.

हबीब दारव्ह्यात ट्रकची इंजिनं दुरुस्त करायचा. मुंबईच्या मामाने त्याच्यासाठी मालवाहू जहाजावर इंजिनघरातलं काम पाहिलं होतं. आता हो की नाही, ते कळवायचं होतं.

"इंजिन तं समजते मले," तो म्हणाला, "पण समुद्र कुठं पाह्यला? तिथं पोट फिरलं तं?"

"मंग पाहूनच येऊ ना!" बापू म्हणाला. बापू कापूस बाजारातला मापारी, आणि मी बंजारा तांड्यावरचा मास्तर.

नाताळच्या सुट्टीत निघालो. दारव्ह्याहून छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने पुणे, मग कोल्हापूर आणि पुढे घाट उतरणारी एसटी. ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा कोल्हापूरपर्यंत पुरला. तुम्ही गेलात तर घाटात खिडकीची जागा धरा. वळणं संपता संपता माड दिसू लागतात.

मालवणच्या किनाऱ्यावर पांडू तांडेल भेटला. आमच्या तांड्याला जसा नायक, तसा इथे होडीला तांडेल.

"खंयसून इलात?"

"यवतमाळ जिल्ह्यातून," मी सांगितलं.

"थंय समुद्र आसा?"

"नाही ना, म्हणूनच आलो," बापू म्हणाला.

उजाडताच होडी सुटली. किल्ल्याच्या बेटापर्यंत पाणी शांत होतं. हबीब गाणं म्हणत होता. पुढे शीड उभारलं आणि दक्षिणेला निवतीच्या खडकाळ बेटांकडे निघालो, तशी होडी डोलू लागली. हबीबचं गाणं थांबलं. तो काठावर वाकून ओकू लागला, तो ओकतच राहिला.

"वापस घ्या होडी," बापू घाबरून म्हणाला.

हबीबने मान हलवली. "नको. वापस गेलो तं मंग कधीच नाही येनार मी."

माझ्या तोंडावर पाणी उडालं. ओठ खारट झाले. आमचे पणजोबा लदेणीवर असायचे, बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख तुडवायचे. त्यांनी हा समुद्र कधी पाहिला असेल का? विचारायला घरात कोणी म्हातारं उरलं नव्हतं.

बेटावर दीपगृह होतं आणि खडकांच्या कपारींतून पाखरं भिरभिरत होती. बापू आणि मी वर चढलो. हबीब खाली सावलीत डोळे मिटून पडला होता. मला वाटलं, झालं, याचं जहाज इथेच बुडालं.

परतताना वारा समोरून आला. होडी नागमोडी चालू लागली, सकाळपेक्षा जास्त आपटू लागली. तांडेलाने हबीबला जवळ बसवून शिडाची दोरी हातात दिली.

"खाली बघू नको रे. थंय लांब बघ, आभाळ टेकता थंय."

हबीब बघत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मास्तर, भूक लागून राह्यली."

आम्ही दोघं इतके मोठ्याने हसलो की तांडेल दचकला. त्या संध्याकाळी खानावळीत हबीबने माशाचं कालवण भातासोबत असं ओरपलं की वाढणारी बाई कौतुकाने पुन्हा पातेलं घेऊन आली.

दारव्ह्याला उतरून हबीबच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई दारातच उभी होती. "कैसा है रे समंदर?"

"बड़ा है, अम्मी. पहले पटक देता है, फिर बैठने देता है."

तिने डोळे पुसले आणि त्याची पेटी भरायला घेतली. हबीबने त्या जहाजावर बरीच वर्षं काढली.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. बायको, शेवंता, चुलीपुढे बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मले काहून नाही नेलं?"

 पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं गेलो. होडीत ती सगळ्यात पुढे बसली, आणि किनारा सुटायच्या आधीच तिने तांडेलाला बजावलं, "बेटावर घाई नाही करायची हं, मी सावकाश पाहीन."