खुरट्या निलगिरीतले दाजी

दाजी गेल्याचा अक्काचा फोन आला तेव्हा मी उचगावला घरामागं कपडे वाळत घालत होते. "गेलं गं," एवढंच म्हणाली ती... तशीच धावले, रडले, सगळं झालं. पण खरं सांगते, आज काही आठवड्यांनी त्यांच्याबद्दल लिहायला बसले, तर रडू यायच्या आधी रागच येतो. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, आणि एकच गोष्ट चारचौघांत बोलायची होती ती न बोलता निघून गेला. निस्तरायला मागे अक्का आणि मी.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर एका वृक्षप्रेमी मंडळात शिरले आणि निलगिरीच्या हात धुऊन मागे लागले. ती पाणी पिते, जमीन खाते, तिच्यावर पाखरू बसत नाही आणि तिच्याखाली गवत उगवत नाही, हे आम्हाला लग्नात, बारशात, जेवणाच्या पंगतीत ऐकावं लागे. एकदा मी सर्दीसाठी निलगिरीच्या तेलाची बाटली उघडली, तर तिच्यावरही भाषण झालं. शेवटी अक्का आतून ओरडली, "आवं, नाक तरी मोकळं करू द्या तिला!"

मलकापूरच्या वाटेला एका गावाचा माळ आहे. कधीकाळी सरकारी योजनेत तिथं निलगिरी लावली. गावानं मांडवाच्या वाशांसाठी ती तोडायची आणि तिनं बुंध्यातून पुन्हा फुटायचं, असं इतकी वर्षं चाललं की सरळसोट झाड असं तिथं उरलंच नाही. जमिनीलगत जाडजूड बुंधे आणि त्यांतून झाडूसारखे फुटलेले फोक, माणसाच्या डोक्याच्या जेमतेम वर. खाली कातळ, वरून वारा, मधे करवंदीच्या जाळ्या. निलगिरीचं असलं बुटकं रान मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. हे काढून टाका म्हणून अर्ज द्यायचा, त्याला जोडायला फोटो हवेत, म्हणून दाजी निघाले आणि स्कूटर चालवायला मला घेतलं.

दाजींच्या चपला कर्रकर्र वाजायच्या. मुद्दाम सांगून तशा करून घ्यायचे. "चप्पल वाजली न्हाय तर मानूस आल्याचं कळायचं कसं?" म्हणायचे. तशाच वाजत्या चपलांनी ते त्या रानात शिरले. आणि पुढचं पाऊल टाकणार, तोच पायाखालचा वाळका पाला उडाला... पाला नव्हे, पाखरू! रातवा. तिथंच थोडं पुढं जाऊन पंख मोडल्याचं सोंग करत फडफडत पडला. खाली, घरटं नाही, काडी नाही, नुसत्या पाल्यावर दोन अंडी.

दाजींनी तिथंच चपला काढून हातात घेतल्या आणि मागं सरले. हळू आवाजात म्हणाले, "ह्या पाल्याचाच रंग की गं त्येचा. आनि म्या गावभर सांगत फिरतोय, हितं काय जगत न्हाय म्हनून."

अर्ज खिशातच राहिला. पुढं दाजी सारखे तिथं जायला लागले. चपला रानाच्या कडेच्या एका बुंध्यावर काढून ठेवायच्या आणि अनवाणी आत जायचं. अक्का कावायची, "घोणस चावंल तवा कळंल!" त्यांच्याबरोबर मी जुन्या बुंध्याखालची बिळं पाहिली, त्यांच्या तोंडाशी पडलेले साळिंदराचे काटे पाहिले. लावे एकामागून एक पळताना पाहिले. ससा तर आम्हाला ओळखायला लागला की काय, असं वाटायचं. वाशांची मागणी संपल्यामुळं माणसं आत यायची बंद झाली होती आणि जनावरांनी ती जागा धरली होती.

"आता मंडळात सांगा की," मी दर वेळी म्हणायचे.

"सांगतो, आनि उद्या फासकी लागू देतो व्हय? सशाला, साळिंदराला कोन सोडतंय?"

हे खरंच होतं. पण एवढंच खरं होतं असं मला वाटत नाही. इतकी वर्षं छातीठोकपणे सांगितलेलं गिळायचं कसं, हाही प्रश्न होताच. सांगतो, सांगतो म्हणत राहिले... आणि गेले.

शोकसभेत मंडळानं त्यांचं जुनं भाषण मोबाइलवरून पडद्यावर लावलं. तोच आवाज, तोच वर केलेला हात. "निलगिरी म्हणजे जमिनीला लागलेली जळू!" टाळ्या पडल्या. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, सरांचं स्वप्न आपण पुरं करू. गावानं परवानगी दिली आहे, त्या माळावरची निलगिरी मुळासकट काढून तिथं वड-पिंपळाचं स्मृतिवन करू, सरांच्या नावानं. पुन्हा टाळ्या. मला ओरडावंसं वाटत होतं. ज्या माणसाला मान द्यायचा, त्याचंच रान उपटून तिथं त्याच्या नावाची पाटी लावायची!

सभेनंतर अध्यक्षांना गाठलं. ते माझ्याकडं फार समजूतदारपणे बघत होते, त्यानंच डोकं फिरलं. "ताई, निलगिरीत कुठं जनावरं असतात? सरच सांगायचे." मी अंड्यांचं सांगितलं तर म्हणाले, "बरं, तेवढी जागा सोडू. भोवती कट्टा बांधू, फलक लावू." रातव्याला कट्टा! आणखी बोलावं, तर दाजींची फासक्यांची भीती आडवी यायची. म्हणून इथंही गावाचं नाव लिहीत नाही.

त्यात भर म्हणजे नारळ अक्काच्या हातून फोडायचा ठरला आणि अक्का चक्क हो म्हणाली. मी तिच्याशी भांडले. ती म्हणाली, "तू नुसती संगं चल."

माळावर मंडळी जमली होती, जेसीबी घरघरत उभा होता. अक्का नारळाच्या ताटाकडं गेलीच नाही. पिशवीतून तिनं दाजींच्या चपला काढल्या, कडेच्या त्याच बुंध्यावर जोडीनं ठेवल्या आणि बाजूला उभी राहिली. कुणाला काही कळेना. जेसीबीवाला मशीन पुढं घेता घेता थांबला. खाली वाकून बघत त्यानं विचारलं, "आत कोन हाय व्हय, मावशी?"

"हायत आमचं," अक्का म्हणाली. "भाईर येस्तवर मशीन लावू नगा."

त्यानं मशीन बंद केलं. अध्यक्ष घड्याळ बघत राहिले. आत कुणी नाही, हे त्या बाईला तोंडावर सांगायची एकाचीही छाती झाली नाही. शेवटी पावसाळ्यानंतर बघू म्हणून मंडळी पांगली. पावसाळ्यानंतर काय, ते मला माहीत नाही. रोज त्याच काळजीनं उठते.

परवा पुन्हा जाऊन आले. चपलांचं कातडं कडक झालंय, एक अंगठा उसवलाय. अक्काला म्हटलं, घरी आणून तेल लावून ठेवू या, वाया जातील.

"आनू नगंस," ती म्हणाली. "चपला भाईर हायत, तवर मानूस आतच की."