तुळशीच्या ओळीतली भोकं

संशय घ्यायला मला कारण लागत नाही, निमित्त पुरतं. त्या वर्षी निमित्त झालं एका कटिंग चहाचं.

मानपाड्याच्या इंडस्ट्रियल एरियात माझा गाळा आहे. यंत्रांची कंट्रोल पॅनेलं बनवतो. तेव्हा आम्ही तुळशीची रोपं लावणाऱ्या यंत्राचं काम घेतलेलं. औषधासाठी तुळस लावायची म्हणजे रोपं हजारोंनी, हातांनी लावायला माणसं मिळत नाहीत. ट्रॅक्टरमागचं हे यंत्र ट्रेमधलं रोप उचलून फिरत्या पेल्यात टाकतं आणि पेला रोप जमिनीत सोडतो. ट्रेमध्ये काही खाचांत बी उगवतच नाही, मग पेला रिकामा येतो. तो ओळखायला पेल्याच्या काठावरून एक किरण सोडलेला असतो. पानांनी किरण अडला की रोप आहे, आरपार गेला की पेला रिकामा. मग यंत्र पुढच्या पेल्यापर्यंत थांबतं. या सेन्सरला आम्ही डोळा म्हणायचो; किरण अडलेला असेपर्यंत त्याचा लाल दिवा पेटलेला राहायचा.

प्रोग्रॅम माझा, वायरिंग माझ्या वायरमनचं. बारा वर्षं तो माझ्याकडे होता. बायकोला सांगितल्या नसतील अशा गोष्टी मी त्याला सांगितल्या आहेत. तर हा माणूस एका दुपारी टपरीवर समोरच्या गाळेवाल्याबरोबर चहा पीत होता. तो गाळेवालाही पॅनेलंच बनवतो. मला बघताच दोघं बोलायचे थांबले. झालं, पाणी कुठं मुरतंय ते मला कळलं, असं मला वाटलं.

संध्याकाळी मी पॅनेलची चावी मागून घेतली. "आजपासून या मशीनला मीच हात लावणार."

"काही चुकलं का, शेठ?"

"नाही. शिस्त म्हणून."

त्यानं चावी माझ्या हातावर ठेवली आणि डबा घेऊन गेला.

चारच दिवसांनी खंडेनवमी आली. दरवर्षी यंत्रांची पूजा तो करायचा, मी हात जोडून मागे उभा असायचो. यंदा पूजाही मीच केली. शिस्त म्हणजे शिस्त. टायरपासून पॅनेलपर्यंत हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. तो लांब उभा राहून प्रसाद घेऊन गेला.

दसऱ्यानंतर शीळफाट्याजवळ एका जमीनदाराच्या शेतात चाचणी होती. निम्म्या जमिनीवर इमारतींचे टॉवर उठलेले, उरलेल्या तुकड्यावर त्याला तुळस करायची होती. यंत्र ओळीच्या टोकाला पोचलं. स्क्रीन म्हणत होती, एकही जागा सुटली नाही. आणि मागं वळून बघितलं तर ओळीत जागोजागी भोकं.

"तुजी स्क्रीन सांगते सगली लावली," जमीनदार म्हणाला. "मंग माजे शेतान ही भोकां कशी?"

मला उत्तर माहीत होतं. प्रोग्रॅममध्ये कुणीतरी हात घातला होता, आणि हात घालणारा बांधावर खांद्यावर फडकं टाकून उभा होता. दोन दिवस मी पासवर्ड बदलून प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. काही सापडलं नाही, तर मला वाटलं, किती सफाईनं केलंय बघा.

दुसऱ्या चाचणीलाही तीच भोकं. तो पुढं आला. "शेठ, त्या डोळ्याचा लाल दिवा विझतच नाहीये. जरा खाली वाकून..."

"तू गप्प बस," मी ओरडलो. "किती देणार आहेत ते समोरच्या गाळ्यातले तुला?"

जमीनदारासमोर बोललो मी हे. तो दोन पावलं मागं सरला. जमीनदार मात्र लुंगी सावरत यंत्राखाली वाकला. "यो कुकू कोनी लावला रे?"

मीही वाकलो. सेन्सरच्या काचेवर हळदकुंकवाचं बोट सुकून घट्ट बसलं होतं. किरण कायमचाच अडलेला, म्हणून प्रत्येक रिकामा पेला भरलेला वाटत होता. बोट माझंच होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. तिथल्या तिथं जमीन दुभंगावी असं वाटलं मला.

"पूजा झाली की दरवर्षी मी सगळ्या यंत्रांच्या काचा पुसून घ्यायचो," तो म्हणाला. "यंदा हात लावायचा नव्हता ना."

खांद्यावरच्या फडक्यानं त्यानं काच पुसली. लाल दिवा विझला. पुढची ओळ पूर्ण भरली, एकही भोक नाही.

परतताना टेम्पोत मी त्याला चहाचं विचारलंच. समोरच्यानं नोकरीला बोलावलं होतं. "नाही म्हणून सांगितलेलं मी," तो म्हणाला. मी खिशातून चावी काढून पुढं केली. त्यानं ती घेतली नाही. फडकं घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे ठेवा, शेठ. लागेल तुम्हाला."

महिन्याभरात तो समोरच्या गाळ्यात रुजू झाला. म्हणजे माझा संशय शेवटी खरा ठरला, आणि तो मीच खरा करून दाखवला. आता खंडेनवमीला पूजा मी करतो, आणि काचही मीच पुसतो. शटर उघडं असलं तर तो तिथून बघतो. हात मात्र करत नाही.