पंगतीतली हरकत

रविवारचं जेवण अंगावर आलेलं आहे आणि केतकी ढवळेच्या मांडीवर लॅपटॉप आहे. पाच वाजायच्या आत तिला एका कंपनीला हो किंवा नाही कळवायचंय, म्हणूनच बहुधा तिला झोप येते आहे.

‘दौत’ हा मराठी लिहायचा फुकट कीबोर्ड. तो तिनं आणि गणिताचे निवृत्त मास्तर दिगंबर सोनवणे, म्हणजे दिगूदादा, यांनी मिळून बांधला. त्याची आतली मांडणी कोणालाही पाहता येते, बदलता येते, आणि तिच्यावरून भांडता तर येतंच येतं. मग एक मोबाइल कंपनी पैसे द्यायला तयार झाली. अट अशी की कीबोर्डानं पुढचा शब्द सुचवावा, आणि मधूनच कंपनीचा मालही सुचवावा. चर्चा सुरू झाली. तिसऱ्याच उत्तरात कोणीतरी विचारलं, ‘जय’ लिहिल्यावर पुढे काय सुचवणार? त्यानंतर चारशे नऊ उत्तरं आली आणि सॉफ्टवेअरचं नाव कोणी काढलं नाही. दिगूदादांनी एका सकाळी एवढंच लिहिलं होतं: ‘माझी हरकत आहे. कारण संध्याकाळी लिहितो.’ ती संध्याकाळ त्यांना काही दिसली नाही.

‘दौत’चा नियम असा की हरकत ज्यानं घेतली त्यानंच ती मागे घ्यायची, तोवर निर्णय अडलेला. नियम दिगूदादांचाच. दादांना जाऊन आता चार महिने झाले. दादा आमच्याच बाजूचे होते, असं दोन्ही बाजू शपथेवर सांगतात.

पापणी मिटते. चर्चेतली माणसं खुर्च्या टाकून बसली आहेत. पडद्यावर उत्तराखालचं उत्तर सरकतं तशी, ज्याला उत्तर द्यायचं त्याच्या जराशी उजवीकडे आपली खुर्ची, असं करत करत केतकीची एकेचाळिसावी खुर्ची भिंतीला टेकली आहे. तिच्या वाट्याला एका अक्षराएवढी रुंदी उरली आहे. ती खांदे आक्रसते. भिंत मंगल कार्यालयाची आहे, खुर्ची म्हणजे पाट आहे, आणि समोर केळीचं पान.

सगळ्यांचं जेवून झालंय, पण उठत कोणी नाही. उठणार कसे? शेजारी दिगूदादा बसलेत आणि त्यांच्या पानात भाताचा एक घास शिल्लक आहे. शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय पंगत उठत नसते. चारशे माणसांचे खरकटे हात वाळून पापडासारखे झालेत. कंपनीचा माणूस खांद्यावर उपरणं टाकून जिलबी वाढत फिरतोय. पुरे म्हटलं की दोन वाढतो. आग्रह नाही हो, नुसतं सुचवतोय, असं प्रत्येक पानापाशी सांगतो.

केतकी हळूच म्हणते की दादा, तेवढा घास संपवा, नाहीतर हरकत तरी मागे घ्या. दादा सांगतात की त्यांचा पासवर्ड आता चालत नाही. नव्यासाठी अर्ज केलाय, पण तिकडंही समिती आहे.

"मग कारण तरी सांगा. पाच वाजता मला उत्तर द्यायचंय."

"कारण नव्हतं."

"म्हणजे?"

"मनाला पटलं नाही, म्हणून हरकत घेतली. कारण संध्याकाळपर्यंत सुचलं असतं."

केतकी त्यांना सांगते की त्या एका ओळीपायी चारशे माणसं अडकून पडलीत. दादा पानातला घास बोटानं इकडचा तिकडं करतात.

"ती कसली अडकलीत. भांडतायत, मजेत आहेत. अडकलीयस तू. तुला काय वाटतं ते या चार महिन्यांत एकदा तरी लिहिलंस का गं?"

तिनं लिहिलेलं नाही. मेलेल्या माणसाच्या हरकतीला सावली बरी असते. तिच्याआड बसलं की कोणी आपल्याला काही विचारत नाही.

जिलबीवाला तिच्यापाशी येतो. ताट कलतं. केतकी पानावर आडवा हात धरते आणि तोंड उघडते. जागा एका अक्षराचीच, म्हणून अक्षरं एकाखाली एक निघतात. दादा घास उचलून तोंडात टाकतात. चारशे पाट एकदम सरकतात.

चार वाजून वीस मिनिटं. लॅपटॉप कलंडलाय. चर्चेच्या तळाशी, तिच्या नावानं, एक उत्तर जाऊन पडलंय:

न
को

त्याखाली एकवीस जण जमलेत. पहिल्यानंच विचारलंय, ‘कारण?’

केतकी लिहायला घेते.